जन्म न लपवणारा पंतप्रधान

माणसाची लायकी पाहण्याआधी त्याचा जन्म पाहण्याची खोड एकट्या आपल्याच देशात आहे, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुतेची घोषणा जगाला ऐकवणाऱ्या फ्रान्सलाही ही खोड जडलेली होती आणि ती तेथील संसदेच्या भर सभागृहात उघडी पडली. ती ज्यांच्या निमित्ताने उघडी पडली, त्या लिऑन ब्लूम यांचे चरित्र आम्हाला आज सांगावेसे वाटते.

ब्लूम यांचा जन्म ९ एप्रिल १८७२ रोजी पॅरिसमधील एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. फ्रेंच ज्यूंना राज्यक्रांतीने १७९१ साली नागरिकत्व दिले होते. परंतु कागदावरचे नागरिकत्व आणि समाजाच्या मनातली मान्यता यांत केवढे अंतर असते, हे १८९४ साली दिसले. लष्करी अधिकारी आल्फ्रेड ड्रायफस यांना ते ज्यू असल्याने खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवण्यात आले. त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या एमिल झोला यांच्यावर १८९८ साली खटला भरला गेला, तेव्हा तरुण कायदेपंडित ब्लूम बचावाच्या वकिलांच्या मदतीला गेले. त्या लढ्यातूनच ते जाँ जोरेस यांच्या समाजवादी चळवळीत आले आणि पुढे तिचे नेते झाले.

विरोधकांनी त्यांच्या विचारांना उत्तर देण्यापेक्षा त्यांच्या जन्मावर घाव घालणे पसंत केले. १९३५ साली शार्ल मोरास या विषारी लेखणीच्या संपादकाने त्यांना गोळी घालण्याची भाषा वापरली. १३ फेब्रुवारी १९३६ रोजी पॅरिसच्या रस्त्यात याच गोटातील जमावाने त्यांना मोटारीतून ओढून रक्तबंबाळ केले. जवळच्या बांधकामावरील मजुरांनी धाव घेतली म्हणून ते वाचले.

त्याच वर्षी निवडणुकीत डाव्या आघाडीचा विजय झाला आणि ब्लूम फ्रान्सचे पहिले ज्यू पंतप्रधान बनले. ६ जून १९३६ रोजी झाव्हिए व्हाला या सदस्याने सभागृहात उभे राहून, या प्राचीन देशावर प्रथमच एक ज्यू राज्य करणार, अशा आशयाचे गरळ ओकले. अध्यक्षांनी त्याला रोखले. स्वतः ब्लूम यांनी आपले ज्यूपण कधी लपवले नाही, त्याबद्दल कधी क्षमा मागितली नाही. आपल्या जन्माचा उल्लेख हा आपला अपमान ठरूच शकत नाही, ही त्यांची भूमिका होती.

मग त्यांनी काय केले? व्हालाच्या भाषणाला दोन दिवस होत नाहीत तोच मालक आणि कामगार संघटनांत करार घडवून मजुरी वाढवली. त्याच महिन्यात आठवड्याला ४० तास काम आणि वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा, असे कायदे केले. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा अधिकारही नव्हता, तेव्हा त्यांनी तीन स्त्रियांना मंत्रिमंडळात घेतले. त्यांच्या मर्यादाही आम्ही झाकणार नाही. अल्जीरियातील थोड्याशा मुस्लिमांना मताधिकार देणारे त्यांचे विधेयक वसाहतवाल्यांच्या विरोधापुढे बारगळले, आणि ते रेटून नेण्याची ताकद त्यांनी लावली नाही.

१९३८ साली जर्मनीतून ज्यू निर्वासित येऊ लागले. आपली प्रतिष्ठा धोक्यात येईल या भीतीने काही सुस्थितीतील फ्रेंच ज्यूच दारे बंद करा म्हणू लागले. ब्लूम यांनी त्यांना जाहीर सभेत खडसावले. वर पोचल्यावर मागच्यांसाठी शिडी काढून घेणारे प्रत्येक पीडित समाजात असतात. त्यांना घरच्याच माणसाने बोलावे लागते.

१० जुलै १९४० रोजी संसदेने मार्शल पेताँच्या हाती सर्वाधिकार सोपवले. विरोधात मत देणारे अवघे ८० होते. ब्लूम त्यांतले एक. त्यांना अटक झाली आणि १९४२ साली रिओम येथे पराभवाचे खापर त्यांच्या माथी फोडणारा खटला चालला. त्यांनी आरोप असे उलटवले की सरकारला खटलाच थांबवावा लागला. १९४३ साली नाझींनी त्यांना बुखेनवाल्डला नेले. ते १९४५ साली जिवंत सुटले; त्यांचे बंधू रेने मात्र ऑश्वित्झमध्ये मारले गेले. १९४६ च्या अखेरीस ब्लूम महिनाभर पुन्हा सरकारप्रमुख झाले. ३० मार्च १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

आणि तो व्हाला? १९४१ साली त्याच पेताँ सरकारने त्याला ज्यूविषयक खात्याचा प्रमुख नेमले. सभागृहात ओकलेला द्वेष पाच वर्षांत सरकारी खाते बनला. म्हणूनच जन्मावरून केलेल्या टोमण्याकडे किरकोळ म्हणून काणाडोळा करू नये, असे आम्हाला वाटते.

आज फ्रान्समध्ये कामगाराला पाच आठवडे भरपगारी रजा मिळते. ब्लूमना शिव्या घालणाऱ्यांची नातवंडेही ती आनंदाने घेतात. तिची सुरुवात करून देणाऱ्याचा जन्म कुठला, हे रजेवर जाताना कोणी विचारत नाही.