‘शॅल’ आणि ‘विल’चे पंच

इंग्रजीच्या मास्तरांमध्ये एक जुना विनोद पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. एक स्कॉटिश गृहस्थ पाण्यात गटांगळ्या खात होता. आपण आता बुडणार आणि आपल्याला कोणीही वाचवणार नाही, असे त्याला ओरडून सांगायचे होते. पण त्याने ‘शॅल’च्या जागी ‘विल’ आणि ‘विल’च्या जागी ‘शॅल’ घातले. काठावरच्या इंग्रजांना वाटले, या गृहस्थाचा बुडण्याचा निर्धारच आहे आणि कोणी वाचवू नये अशी त्याची सक्त ताकीद आहे. सभ्य माणसे ती. त्यांनी त्याच्या इच्छेचा मान राखला!

साधे भविष्य सांगायचे असेल तर प्रथम पुरुषी ‘शॅल’, द्वितीय आणि तृतीय पुरुषी ‘विल’. निर्धार, वचन किंवा धमकी असेल तर नेमके उलट. ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणावर पोसलेल्या मराठी विद्यार्थ्यांनी हा नियम पाढ्यासारखा घोकला आहे. या आणि अशा शेकडो बारकाव्यांबाबत विसाव्या शतकात ज्यांचा शब्द प्रमाण मानला गेला, ते हेन्री वॉटसन फाउलर.

फाउलर यांचा जन्म १० मार्च १८५८ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातील टनब्रिज येथे झाला. रग्बी ही शाळा आणि ऑक्सफर्डचे बॅलिअल कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. तेथे त्यांना द्वितीय श्रेणी मिळाली. १८८२ पासून सतरा वर्षे त्यांनी सेडबर्गच्या शाळेत अध्यापन केले. तेथे वसतिगृहप्रमुख व्हायचे तर विद्यार्थ्यांना ख्रिस्ती धर्मातील दृढीकरण-विधीसाठी तयार करणे ओघानेच आले. स्वतःची श्रद्धा नसताना ते शिकवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. त्यांनी बढती नाकारलीच, शिवाय १८९९ मध्ये नोकरीही सोडली. वय वर्षे एकेचाळीस, हाताशी धंदा नाही; लंडनमध्ये लेख लिहून ते कसेबसे दिवस काढू लागले.

१९०३ मध्ये ते ग्वेर्न्सी बेटावर धाकटे बंधू फ्रँक यांच्याकडे गेले. फ्रँक तेथे टोमॅटो पिकवीत. दोघे बंधू शेजारशेजारच्या दोन घरांत राहत, स्वतंत्रपणे लिहीत आणि मग एकमेकांचे लिखाण तपासत. या जोडीचे ‘द किंग्ज इंग्लिश’ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्तमानपत्रांतून आणि नामवंत लेखकांच्या पुस्तकांतून वेचलेल्या चुकांची उदाहरणे त्यात होती. (आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना ते वाचताना आजही घाम फुटतो.) ‘शॅल-विल’ला या पुस्तकात वीसएक पाने मिळाली आहेत.

त्या पानांतील एक कबुली मात्र विलक्षण आहे. दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्याला हा भेद शिकवावा लागत नाही, आणि इतरांना तो शिकूनही क्वचितच साधतो, असे फाउलर यांचे म्हणणे होते. मग स्कॉटिश, आयरिश आणि अमेरिकन माणसांनी काय करावे? त्यांचीही भाषा इंग्रजीच. पण त्यांच्या घरात ‘विल’ सर्वत्र चाले. आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. मराठीत ‘मी जाईन’ या एकाच रूपात अंदाजही आला आणि निर्धारही आला. खरा अर्थ बोलणाऱ्याच्या स्वरावरून कळतो. इंग्रजीत भविष्यकाळाचे स्वतंत्र रूपच नाही. ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे, ‘विल’चा इच्छा असणे, या दोन उसन्या क्रियापदांवर तो काळ उभा आहे. गंमत अशी, की हा नियम प्रथम सुव्यवस्थित मांडला तो जॉन वॉलिस या गणितज्ञाने, १६५३ मध्ये, लॅटिन भाषेत आणि मुख्यतः परकीयांच्या सोयीसाठी. परकीयांना वाट दाखवण्यासाठी लावलेली ही पाटी पुढे त्यांनाच अडवणारे फाटक ठरली. फाउलर यांनी निदान ते प्रांजळपणे मान्य केले. पण नियम सैल केला नाही. ‘आय वुड लाइक’ हीदेखील त्यांच्या मते चूकच होती. ‘आय शुड लाइक’ हवे.

१९०८ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यांनी जेसी विल्स या परिचारिकेशी विवाह केला. १९११ मध्ये दोघा बंधूंचा ‘कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी’ हा कोश आला. पुढे महायुद्ध पेटले. सत्तावन्न वर्षांच्या हेन्रींनी आपले वय चव्वेचाळीस सांगून सैन्यात प्रवेश मिळवला. शब्दाच्या एका छटेसाठी पानेच्या पाने खर्च करणाऱ्या माणसाने तेरा वर्षांची थाप मारावी, हे वाचून मौज वाटते. फ्रान्समध्ये मात्र दोघा भावांना खंदकांऐवजी किरकोळ हमालीची कामे मिळाली. आघाडीवर पाठवा, नाही तर घरी, असा त्यांनी तक्रारअर्ज केला. १९१८ मध्ये फ्रँक क्षयाने वारले.

दोघांनी मिळून योजलेला मोठा ग्रंथ आता एकट्याच्या अंगावर पडला. ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’ १९२६ मध्ये निघाला, तो फ्रँक यांनाच अर्पण केलेला. त्याच सुमारास प्रकाशकांनी घरकामाला नोकर ठेवण्यासाठी पैसे देऊ केले, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या फाउलर यांनी आपल्या रोजच्या धावण्यापोहण्याचा दाखला देऊन ते नाकारले. १९३० मध्ये पत्नी गेली. २६ डिसेंबर १९३३ रोजी सॉमरसेटमधील हिंटन सेंट जॉर्ज या गावी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती १९६५ मध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी काढली; त्यानंतरही १९९६ आणि २०१५ मध्ये नव्या संपादकांचा हात त्यावर फिरला. दरम्यान स्कॉटिश, आयरिश आणि अमेरिकन मंडळींचे ‘विल’ लंडनलाही पचले. ‘शॅल’ आता मुख्यतः कायद्याच्या मसुद्यांत उरले आहे, आणि ‘चहा करू का?’ अशा धाटणीच्या घरगुती प्रश्नांत. फाउलर यांना खटकणारे ‘आय वुड लाइक’ आज लंडनच्या उपाहारगृहांतही सर्रास ऐकू येते. आमच्या वर्गात मात्र ‘आय विल’ लिहिल्याबद्दल कापलेला अर्धा गुण कोणालाही परत मिळालेला नाही.