वेर्नर फोर्समान

वेर्नर थिओडोर ओटो फोर्समान (२९ ऑगस्ट, १९०४ - १ जून, १९७९) हे जर्मन शल्यचिकित्सक व मूत्ररोगतज्ज्ञ होते. हाताच्या शिरेतून लवचीक नळी (कॅथेटर) थेट हृदयापर्यंत नेता येते, हे त्यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून दाखवले. या कार्यासाठी त्यांना १९५६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासह विभागून मिळाले. आज अतिदक्षता विभागात प्रौढांना व बालकांना लावल्या जाणाऱ्या मध्यवर्ती शिरानलिकांच्या इतिहासात या प्रयोगाला महत्त्वाचे स्थान आहे.

प्रारंभिक जीवन

फोर्समान यांचा जन्म बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील वकील होते व पहिल्या महायुद्धात मारले गेले. बर्लिन विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर ते एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात रुजू झाले.

१९२९ चा प्रयोग

त्या काळी हृदय बंद पडू लागलेल्या रुग्णाच्या छातीतून सुई खुपसून हृदयात औषध दिले जाई. त्यात हृदयाला इजा होण्याचा मोठा धोका असे. घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयात नळी घातल्याचे चित्र फोर्समान यांनी पाहिले होते. माणसाच्या बाबतीत हाताच्या शिरेतून तसेच करता येईल, असे त्यांना वाटले. वरिष्ठांनी मात्र परवानगी नाकारली.

त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, परिचारिका गेर्डा डिट्झेन यांनी प्रयोगासाठी स्वतःला पुढे केले. फोर्समान यांनी त्यांना टेबलाला बांधले आणि त्यांच्यावर प्रयोग करण्याचा देखावा करत स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेत मूत्रमार्गासाठीचे कॅथेटर सरकवले. त्यानंतर दोघे जिना उतरून क्ष-किरण विभागात गेले. तेथे एका सहकाऱ्याने नळी ओढून काढण्याचा प्रयत्न केला. फोर्समान यांनी त्याला रोखले. आरशातून क्ष-किरण पडद्याकडे पाहत त्यांनी ६५ सेंटिमीटरपर्यंत नळी आत घेतली व तिचे टोक हृदयाच्या उजव्या बाजूस पोहोचल्याचे छायाचित्र काढून घेतले. त्याच वर्षी हा निबंध प्रसिद्ध झाला.

उपेक्षा आणि युद्धकाळ

निबंधावर कौतुकापेक्षा टीकाच अधिक झाली. बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयात नामवंत शल्यचिकित्सक फर्डिनांड झाउअरब्रुख यांच्या हाताखाली ते काही काळ होते, पण तेथे त्यांचा जम बसला नाही. अखेर ते मूत्ररोग चिकित्सेकडे वळले. १९३२ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले व १९४५ पर्यंत सदस्य राहिले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर म्हणून काम करताना ते अमेरिकनांचे युद्धकैदी झाले. सुटकेनंतर त्यांना काही काळ वैद्यकीय व्यवसायास बंदी होती. १९५० पासून ते बाड क्रॉइत्सनाख येथे मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करत होते.

नोबेल पारितोषिक

दरम्यान, न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां व रिचर्ड्स यांनी फोर्समान यांच्या पद्धतीचा आधार घेऊन हृदयातील रक्तप्रवाहाचे मापन सुरू केले होते. १९४१ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांमुळे हृदय-कॅथेटरीकरणाला मान्यता मिळाली. मूळ प्रयोगानंतर २७ वर्षांनी फोर्समान यांना नोबेल मिळाले. १९७९ मध्ये शोपफहाइम येथे त्यांचे निधन झाले.

बालरुग्णसेवेतील महत्त्व

फोर्समान यांच्यापुढील प्रश्न नळी हृदयापर्यंत पोहोचवण्याचा होता. मुलांच्या कक्षात तितकाच कठीण प्रश्न ती जागेवर टिकवण्याचा असतो. मुलांच्या शिरा बारीक असतात, मूल सतत हालचाल करते व नळी ओढते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा तर चिकटपट्टी काढतानाही सोलवटू शकते. नळी सरकली तर औषध आजूबाजूच्या ऊतींत झिरपून सूज येते, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि मुलाला पुन्हा टोचावे लागते.

यासाठी नळी टाक्याने किंवा विशेष चिकटपट्टीने बसवतात आणि टोचलेली जागा दिसत राहावी म्हणून तिच्यावर पारदर्शक आवरण लावतात. बाहेरच्या नळीला वेटोळे देऊन ती वेगळी चिकटवल्यास ओढ थेट टोचलेल्या जागी पोहोचत नाही. हाताच्या नळीसाठी सांधा स्थिर ठेवणारी पट्टी बांधतात. ती बांधताना बोटे उघडी ठेवतात, म्हणजे रक्तपुरवठा तपासता येतो. मध्यवर्ती नळीचे टोक योग्य ठिकाणी आहे की नाही, हे आजही बहुधा क्ष-किरण छायाचित्रानेच पाहिले जाते.