सशांचं मटण विकणारा याबा, ज्याच्या टोमण्यांचा सिडनीत पुतळा झाला

जानेवारी २०२१ ची सिडनी टेस्ट तुम्हाला आठवत असेल. बाउंड्रीवर फिल्डिंग करणाऱ्या मोहम्मद सिराजनं प्रेक्षकांच्या शिवीगाळीची तक्रार केली, खेळ थांबला आणि सहा जणांना स्टँडमधून उठवून बाहेर काढलं.

आता गंमत बघा. याच मैदानात, प्रेक्षकांत बसून खेळाडूंना टोमणे मारणाऱ्या एका माणसाचा पुतळा आहे.

नाव स्टीफन हॅरॉल्ड गॅस्कॉइन. जन्म १८७८ चा. सिडनीच्या बाल्मेन भागात घोडागाडी घेऊन तो दारोदार सशांचं मटण विकायचा. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं याबा. तिकडच्या बोलीत बडबडीला याबर म्हणतात.

मॅच असली की गडी हिलवर हजर. हिल म्हणजे मैदानाच्या एका बाजूचा गवताळ उतार, स्वस्तातली जागा. गल्लोगल्ली आरोळ्या ठोकून कमावलेला आवाज थेट पिचपर्यंत पोचायचा.

बरं, तो बोलायचा काय?

बॉलर स्टंपपासून लांब टाकायला लागला, की याबा त्याला सांगायचा, तुझी लेंग्थ भिकार आहे, पण रुंदी मात्र झकास. साइटस्क्रीन हलवायला अंपायरनं हात वर केला, तर शाळेतल्या पोराला सांगावं तसं, मधल्या सुट्टीपर्यंत कळ काढ म्हणून त्याला सुनवायचा. सगळं मैदान हसायचं. बऱ्याचदा ज्याला टोमणा बसला तोही.

कारण याबाला क्रिकेट कळायचं. त्याचे जे किस्से आजही सांगितले जातात, त्यात तो खेळाडूच्या खेळावर बोलतो. त्याच्या रंगावर किंवा आईबापावर नाही. इंग्लंडचा जॅक हॉब्स सिडनीत शेवटचा खेळला, तेव्हा तो स्वतः हिलपर्यंत चालत गेला आणि याबाशी हात मिळवून आला. खेळाडूनं प्रेक्षकाचा निरोप घ्यायला जावं, असं किती वेळा होतं?

मग आली १९३२-३३ ची बॉडीलाइन मालिका. ब्रॅडमनला रोखायला इंग्लंडच्या कॅप्टननं बॉलरना थेट अंगावर बॉल टाकायला लावले. हा कॅप्टन डग्लस जार्डिन, आपल्या मुंबईत, मलबार हिलवर जन्मलेला. ॲडलेडच्या टेस्टमध्ये वुडफुलच्या छातीवर बॉल लागला, ओल्डफील्डच्या डोक्याला लागला आणि लोक इतके खवळले की आता मैदानात घुसतात की काय अशी वेळ आली. घोडेस्वार पोलीस तयार ठेवावे लागले.

त्याच दौऱ्यातला याबाचा किस्सा सगळ्यात जास्त सांगितला जातो. सिडनीत जार्डिन तोंडावरच्या माश्या हाकलत होता. अख्खं ऑस्ट्रेलिया त्याच्यावर दात खाऊन होतं. याबानं एवढंच ओरडून सांगितलं, की बाबा, आमच्या माश्यांना तरी सोड. एकही शिवी नाही, पण जार्डिनचं नाव निघालं की आजही हा टोमणा निघतोच.

१९४२ मध्ये याबा गेला. पुढे हिलही गेलं, तिथं स्टँड उभे राहिले. २००८ मध्ये त्याच जागी, प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. डोक्यावर टोपी, तोंडाशी हात, ओरडण्याच्या बेतात. सिराजनं अंपायरकडे तक्रार केली, तेव्हाही तो तिथंच बसलेला होता.