रँग्लर परांजपे आणि त्यांची सोसायटी

आपल्या शहापूर-मुरबाडकडे एखादं पोर गणितात चमकलं की जुनी माणसं त्याला रँग्लर म्हणून मोकळी होतात. हा शब्द मराठी घरांत पोचला तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे.

त्यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डी या खेड्यातला. नात्यातले धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी, यांनी त्यांना शिकायला मुंबईला नेलं. मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज आणि सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिज. तिथे गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर आणि सर्वांत पहिल्याला सीनियर रँग्लर म्हणत. १८९९ साली हा मान परांजप्यांनी एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने मिळवला. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

एवढ्या भांडवलावर सरकारी खात्यात मोठ्या पगाराची जागा काही कठीण नव्हती. पण १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी कमी पगारात शिकवायचं आणि कारभारही स्वतःच ओढायचा, अशी रीत. मालक कोणी नाही, सभासद हेच सगळं. आपल्याला ओळखीचं वाटतं ना?

तिथे त्यांनी जवळपास दोन दशकं काढली. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गणित संस्थेचं ग्रंथालय फर्ग्युसनमध्ये सांभाळलं. १९१६ मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. कारभारापायी स्वतःचं संशोधन मात्र मागे पडलं. आम्हा बँकवाल्यांच्या हिशेबात हा तोटाच. पण जमेची बाजूही बघा.

१९२१ ते २३ ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या हाती आल्या, आणि शिक्षण सक्तीचं करण्याची वाट मोकळी झाली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली पाटी धरली. त्या शाळांच्या मागची वाट या कायद्यावरूनच येते.

पुढे १९३२ ते ३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते ४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर आणि १९५६ ते ५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. हे शेवटचं पद हाती घेतलं तेव्हा वय होतं ऐंशी! ६ मे १९६६ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते गेले.

आज आपली मुलं कल्याण-मुंबईला शिकतात, काही परदेशीही जातात. सगळ्यांनी परत यावंच असं नाही. पण आपण मार्क किती पडले ते विचारतो, आणि त्या हुशारीचा उपयोग कुणाला झाला हे विचारायचं राहून जातं. निदान वार्षिक सभेला कोरमसाठी अर्धा तास खोळंबायला लागू नये, एवढं तरी रौप्यमहोत्सवात ठरवूया!