रत्नागिरीच्या शाळेतले भांडारकर

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी गांगरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सांदणाची कृती देऊन मोकळी होणार होते. पण मुलीचा इतिहासाचा अभ्यास घेताना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चरित्र हाती आले. ते आपल्या रत्नागिरीस शिकले हे वाचले आणि त्यांच्यावरच लिहावेसे वाटले.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणास झाला. वडील सरकारी कारकून. रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेतून ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर हेही होते. पुढे ते येथेच हेडमास्तर होऊन आले. संस्कृत शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लिहिलेली पुस्तके कित्येक पिढ्यांनी गिरवली.

त्यांचे मोठे काम म्हणजे जुन्या राज्यांचा इतिहास. ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि पोथ्या ताडून पाहून त्यांनी १८८४ साली सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. एकाच साक्षीवर भिस्त ठेवायची नाही, ही त्यांची रीत. दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षवर्धनाला अडवले असे ऐहोळेच्या शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४ च्या शिलालेखात आहे. पण तो लेख पुलकेशीच्या पदरच्या कवीचा. तो धन्याची स्तुती करणारच! मात्र चीनहून बौद्ध ग्रंथांच्या शोधात आलेला यात्रेकरू ह्युएन त्संग सुमारे ६४१ साली महाराष्ट्रात आला होता. हर्षाने त्याचा मोठा मान केला होता. तरी महाराष्ट्रातले लोक हर्षाला नमले नाहीत, हे त्यानेही लिहून ठेवले. स्तुतिपाठकाचे म्हणणे परक्याच्या तोंडून खरे ठरले.

हरून आलेल्या सेनापतीला येथे शिक्षा न करता बायकांची वस्त्रे देत, असेही त्या यात्रेकरूने लिहिले आहे. ते वाचून मला हसू आले आणि थोडा रागही आला.

भांडारकरांनी मात्र बायकांना कमी लेखले नाही. त्याच १८८४ साली पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा निघाली. तिच्या संस्थापकांत ते होते. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याला शास्त्राचा आधार नाही असा गलका झाला. तेव्हा त्यांनी ताम्रपट वाचावेत तशीच धर्मशास्त्रे वाचली आणि मुलगी मोठी झाल्यावर लग्न करण्यास शास्त्राची आडकाठी नाही असे दाखवून दिले. आणि नुसते लिहून थांबले नाहीत. त्याच वर्षी लोकांचा रोष पत्करून त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला.

येथे मला माझ्या आजीची थोरली बहीण आठवली. लहानपणीच तिच्या कपाळी वैधव्य आले आणि सारा जन्म माजघराच्या कोपऱ्यात गेला. शास्त्रात असेच आहे, एवढेच तिला सांगितले गेले. तिच्यासाठी पोथी उघडून कोणी पाहिली नाही.

भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची संशोधन संस्था निघाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते वारले.

भगिनींनो, ताम्रपट वाचणे आपले काम नव्हे. पण कोणी शास्त्राचे नाव पुढे केले, तर कुठे लिहिले आहे ते दाखवा, एवढे विचारायला सातवीचे शिक्षण पुरते.