हॅरिएट टबमन

यंदाच्या स्मरणिकेसाठी थोर स्त्रियांची चरित्रे लिहायचे ठरले, तेव्हा जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे मैत्रिणींनी आधीच घेतली होती. मी सातासमुद्रांपलीकडची एक बाई निवडली. तिला अखेरपर्यंत लिहिता-वाचता आले नाही, आणि वर्ण काळा म्हणून ती जन्मतःच दुसऱ्याच्या मालकीची वस्तू ठरली होती.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १८२२ च्या सुमारास तिचा जन्म झाला. नक्की दिवस कोणी लिहून ठेवला नाही. आफ्रिकेतून माणसे पकडून जहाजांत कोंबून आणायची, बाजारात विकायची आणि त्यांच्या मुलाबाळांनाही पिढ्यान्‌पिढ्या राबवायचे, हा तिथला व्यवहार होता आणि त्याला कायद्याचा आधार होता. मूल कोणाचे, तर आईच्या मालकाचे. बाप बेन रॉस पुढे १८४० साली गुलामीतून सुटला, पण आई रिट गुलाम, म्हणून सगळी लेकरे गुलामच राहिली. आपल्या नायिकेचे पाळण्यातले नाव अरामिंटा. घरात सारी तिला मिंटी म्हणत.

मिंटीच्या तीन बहिणी मालकाने दूर दक्षिणेकडे विकून टाकल्या. त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत. धाकट्या मुलाला न्यायला गिऱ्हाईक आले, तेव्हा मात्र रिटने त्याला महिनाभर लपवून ठेवले आणि जो घरात पाऊल टाकील त्याचे डोके फोडीन, असे बजावले. ते लोक परत गेले. मिंटीने लहानपणी हे पाहिले, आणि पुढे तिच्या हातून जे घडले त्याचे बीज मला इथेच दिसते.

पाच-सहा वर्षांची असताना तिला एका घरी मूल सांभाळायला भाड्याने दिले. रात्रभर पाळणा हलवायचा, मूल रडून बाईची झोप मोडली की हिच्या पाठीवर चाबूक. एकदा तर न्याहारीच्या आधीच पाच वेळा मार बसला. ते वळ तिच्या मानेवर जन्मभर राहिले. दुसऱ्याचे लेकरू मांडीवर घेऊन बसलेले ते स्वतःच एक लेकरू, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

थोडी मोठी झाल्यावर एका दुकानापाशी एक प्रसंग घडला. पळालेल्या एका गुलामाला बांधायला मदत कर, असे मुकादमाने तिला फर्मावले. तिने नकार दिला. मुकादमाने पळणाऱ्यावर दोन पौंडी वजन भिरकावले, ते लागले हिच्या डोक्याला. कधी फणी न लागलेल्या दाट केसांमुळे आपण वाचलो, असे ती पुढे सांगत असे. दोन दिवसांत तिला पुन्हा शेतावर पाठवले. तेव्हापासून बोलता बोलता एकाएकी गाढ झोप लागण्याचा विकार तिला जडला, तो कायमचाच.

१८४४ च्या सुमारास जॉन टबमन या स्वतंत्र काळ्या माणसाशी तिचे लग्न झाले आणि तिने आईचे हॅरिएट हे नाव घेतले. पदरचे पाच डॉलर देऊन तिने एका वकिलाकडून जुने मृत्युपत्र तपासून घेतले. त्यात निघाले, की आईला पंचेचाळिसाव्या वर्षी मुक्त करायचे असे पूर्वीच्या मालकाने लिहून ठेवले होते. ते वर्ष केव्हाच उलटून गेले होते, पण आईला कोणी सांगितले नव्हते. वाचता न येणाऱ्या माणसाला काय काय लपवून लुबाडता येते, ते इथे कळते.

१८४९ साली आपल्यालाही विकणार अशी कुणकुण लागताच ती पळाली. दोन भाऊ आधी बरोबर निघाले होते, पण घाबरून परतले आणि तिलाही परत घेऊन आले. मग ती एकटी गेली, रात्री ध्रुवताऱ्याच्या रोखाने. वाटेत एका गोऱ्या बाईने आसरा दिला, हेही सांगितले पाहिजे. फिलाडेल्फियाला पोहोचून ती घरोघरी स्वयंपाक, धुणीभांडी करू लागली आणि एक एक पैसा साठवू लागली, तो परत जाण्यासाठी! १८५१ साली नवऱ्याला आणायला ती त्याच्यासाठी नवे कपडे घेऊन गेली, तर त्याने दुसरी बायको केलेली. रडत बसण्याऐवजी तिने दुसऱ्याच काही जणांना सोडवून आणले.

१८५० च्या कायद्याने उत्तरेकडच्या राज्यांतूनही पळालेल्या गुलामांना पकडून नेता येऊ लागले, म्हणून ती माणसे थेट कॅनडात पोहोचवू लागली. निघायची ती बहुधा शनिवारी रात्री, कारण पकडण्याची जाहिरात सोमवारपर्यंत वर्तमानपत्रात छापली जात नसे. तान्ह्या मुलांना गुंगीचे औषध देत. दहा वर्षांत सुमारे तेरा खेपा करून तिने सत्तरएक माणसे आणली. जुन्या पुस्तकांत तीनशेचा आकडा आढळतो, पण तो फुगवलेला आहे. मला तर सत्तर काही थोडे वाटत नाहीत.

१८५४ च्या नाताळची हकीकत सविस्तर सांगते. तिचे तीन भाऊ नाताळच्या दुसऱ्या दिवशी विकले जाणार होते. ती आदल्या रात्री आली आणि आईबापांच्या झोपडीजवळच्या वैरणीच्या खोपीत सगळे लपले. बाहेर पाऊस. मुले सणाला जेवायला येणार म्हणून आईने सारी तयारी केलेली, आणि ती सारखी दारात येऊन कपाळावर हात धरून वाटेकडे बघे. तिला सांगायची सोय नव्हती. ती आनंदाने आणि मग दुःखाने आकांत करील, आणि सगळे पकडले जातील. बापाला तेवढे कळवले. तो अन्न घेऊन आला, पण डोळे वर न उचलता ते आत सरकवून गेला. उद्या मालकाचे लोक विचारतील, मुलांना पाहिलेस का, तेव्हा त्याला खोटे बोलायचे नव्हते. अंधार पडल्यावर मुलांनी खिडकीतून आईला शेवटचे पाहून घेतले. ती चुलीपाशी डोके हाताला टेकून बसली होती. बाप डोळ्यांना रुमाल बांधून त्यांच्याबरोबर काही अंतर चालत गेला, आणि पावलांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तिथेच उभा राहिला. हॅरिएटला आईशी बोलून पाच वर्षे होऊन गेली होती.

पुढल्याच वर्षी म्हाताऱ्या बेनने २० डॉलर मोजून आपली स्वतःची बायको विकत घेतली. १८५७ साली गुलाम पळवल्याच्या संशयावरून त्याला पकडणार असे कळले, तेव्हा हॅरिएटने दोघांनाही आणले. त्यांना चालवेना, म्हणून एक जुना घोडा, दोन चाके आणि बसायला फळी अशी गाडी तिने जुळवली.

मग उत्तर-दक्षिणेचे युद्ध पेटले. तिथे ती परिचारिका झाली, हेर झाली. २ जून १८६३ च्या रात्री कोम्बाही नदीवर बोटी घेऊन जाणाऱ्या सैन्याला वाट दाखवणारी तीच होती. सातशेहून अधिक गुलाम त्या एका रात्रीत सुटले. एक बाई तर चुलीवरून उतरवलेला वाफाळता भात डोक्यावर तसाच घेऊन धावत आली होती.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच साली युद्धातून घरी परतताना हॅरिएट सरकारी सवलतीच्या पासावर आगगाडीत बसली होती. तपासनिसाने काळ्या बाईचा पास मानला नाही. तिने जागा सोडली नाही, तेव्हा दोघातिघांनी मिळून तिला ओढत नेऊन सामानाच्या डब्यात फेकले. हाताला जबर दुखापत झाली. एकही उतारू मदतीला उठला नाही. बेडी तुटली होती, पण काळ्या माणसाकडे पाहण्याची नजर जुनीच होती. १८९६ साली तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांसाठी वेगळा डबा हे कायदेशीरच ठरवले, आणि असले भेदाभेद मोडून काढणारा कायदा व्हायला १९६४ उजाडले.

आपल्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. त्या सुमाराला हॅरिएट ऑबर्न गावी आल्यागेल्या निराधारांना पोसत, कर्ज काढून दिवस ढकलत होती. युद्धातल्या कामाचे पैसे मागता मागता तिचे केस पिकले. दुसरा नवरा सैनिक होता, त्याच्या मागे विधवा म्हणून महिना ८ डॉलर मिळू लागले. १८९९ साली ते २० झाले, तेही परिचारिका म्हणून. हेरगिरीचे वेगळे काही नाही. तरीही त्या बाईने म्हाताऱ्या काळ्या माणसांसाठी आश्रम काढला, स्त्रियांना मत मिळावे म्हणून व्याख्याने दिली. १० मार्च १९१३ रोजी ती त्याच आश्रमात वारली. लष्करी इतमामाने तिला मूठमाती देण्यात आली.

२०२० साली मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गोऱ्या पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून ठेवला आणि त्यात त्याचा जीव गेला, हे आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. माझी सून म्हणाली, अजून असे? मी तिला हॅरिएटच्या आगगाडीची गोष्ट सांगितली.

२०१६ साली अमेरिकी सरकारने जाहीर केले, की २० डॉलरच्या नोटेवर पुढल्या बाजूस हॅरिएट टबमनचे चित्र छापू. त्या जागी चित्र आहे ते अँड्र्यू जॅक्सन या राष्ट्राध्यक्षाचे, जो स्वतः गुलाम बाळगून होता. २०१९ साली ते काम लांबणीवर टाकण्यात आले.