कापसाचा राजा आणि मिडकॅपची मेरिट लिस्ट

मोबाइलवर डीमॅट उघडलंय? मग प्रेमचंद रायचंद हे नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं.

१८३१ मध्ये सुरतला जन्मलेला हा मुलगा मुंबईत आला, इंग्रजी शिकला आणि शेअर दलालीत उतरला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज पडली. कापसाचा भाव चढला की काय होतं, हे नांदेडकरांना वेगळं सांगायला नको! मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, नवी कंपनी. समुद्रात भर टाकून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद यांनी हात लावला की शेअर चढणारच, असा लोकांचा भरवसा होता.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापूस कोसळला. १ जुलैला सौदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा लोकांकडे पैसाच नव्हता. कंपन्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंद यांची संपत्तीही गेली.

लोकांनी एक शेअर बघितला, एक माणूस बघितला. अख्खा बाजार कसा चाललाय, हे सांगणारा आकडा तेव्हा मुंबईत नव्हता. तो आकडा म्हणजे इंडेक्स.

मिडकॅप इंडेक्स लातूर पॅटर्नवाल्यांना पटकन कळेल, कारण तो मेरिट लिस्टसारखाच आहे. शेअरची किंमत गुणिले एकूण शेअर म्हणजे मार्केट कॅप. त्यावरून कंपन्यांचा नंबर लागतो. सेबीच्या व्याख्येनुसार पहिल्या १०० लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप. निफ्टी मिडकॅप १५० मध्ये या मधल्या १५० कंपन्या असतात. प्रवर्तकांकडचे शेअर सोडून बाजारात फिरणाऱ्या शेअरची किंमत धरून प्रत्येकीचं वजन ठरतं. १ एप्रिल २००५ ची बेरीज १००० धरलीय. आजची बेरीज तिच्याशी ताडली की आजचा आकडा मिळतो.

दर सहा महिन्यांनी यादी नव्याने लागते. पुढे गेलेली कंपनी वरच्या वर्गात, घसरलेली बाहेर. इथं नीट लक्ष द्या. बाहेर गेलेली कंपनी पुढे बुडाली तरी इंडेक्सला त्याचं काही नाही, तो नवी यादी घेऊन पुढे चालतो. तुमचे पैसे मात्र त्या एकाच कंपनीत असतील, तर ते तिच्यासोबतच बुडतात.

प्रेमचंद पुन्हा उभे राहिले. १८७५ मध्ये दलालांनी जी संघटना बांधली, आजचं बीएसई, तिच्या संस्थापकांत ते होते. तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १९०६ मध्ये ते गेले.

टॉवर आजही दिसतो. १८६५ ला बुडालेल्या कंपन्या कुणाला आठवतात? म्हणून हॉस्टेलवर कुणी टिप दिली, तर आधी एवढंच विचारा: ही कंपनी आज कितव्या नंबरवर आहे, आणि मागच्या यादीत कुठं होती?